फवारा मारून घर स्वच्छ होत नाही, पिंजऱ्यातला जीव मात्र जातो

आपल्या पोंभुर्ण्यात आता बऱ्याच घरी लव्हबर्ड दिसतात. चंद्रपूरला गेलं की जोडी आणायची, पिंजरा हॉलमध्ये टांगायचा, लेकरं खूश. आठ दिवसांत वास सुटतो. मग पिंजरा धुवायचा सोडून घरात रूम फ्रेशनर येतो. सकाळी एक फवारा, पाहुणे यायच्या आधी दुसरा, सांजेला धूप, रात्री दारं लावून कॉइल. अन् एक दिवस पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडतो. "रोग आला असंल" म्हणून विषय संपतो, पुढच्या बाजाराला नवीन जोडी येते.

दरवेळी रोगच असतो असं नाही, भाऊ. कित्येकदा आपणच हवा खराब केलेली असते.

ज्याला आपण लव्हबर्ड म्हणतो तो बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातला बजरीगर असतो. वजन ३०-४० ग्रॅम. पक्ष्याचं फुफ्फुस आपल्यासारखं फुगत-आकसत नाही. त्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, त्या भात्यासारखी हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने ढकलतात. श्वास घेताना अन् सोडतानाही त्याला प्राणवायू मिळतो. उडायला एवढी ताकद लागते म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. पण प्राणवायू जितका झपाट्याने आत जातो, तितकंच विषही जातं. आपल्याला नुसता ठसका लागतो तिथे त्याचा जीव जातो.

आपण तर कोळशाच्या जिल्ह्यातली माणसं. ही गोष्ट आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. ब्रिटनच्या कोळसा खाणींत कामगार कॅनरी पक्षी सोबत नेत. विषारी वायूचा अंदाज घेण्यासाठी हा उपाय सुचवला जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. पक्षी डुलायला लागला की माणसं वर पळत. हे १९८६ पर्यंत चाललं, मग यंत्रं आली. म्हणजे पक्षी आधी पडतो, माणूस मागून, हे खाणीतल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या कामगारालाही कळत होतं. आपण मात्र पक्षी पडला की खिडकी उघडत नाही, दुसरा पक्षी आणतो.

चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या धुरावर आपण बोलतो, बोललंच पाहिजे. मीही लिहितो. पण रात्री दारं-खिडक्या लावून कॉइल पेटवतो तेव्हा काय होतं? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे निघाले. त्याच खोलीत दम्याची आजी, पाळण्यात बाळ, कोपऱ्यात पिंजरा. पक्षी तेवढा आधी मरतो, एवढाच फरक.

कॉइल एकटी नाही. फवारा, प्लगला लावायचं लिक्विड, कपाटातल्या डांबर गोळ्या, फिनाइल, नवा ऑइलपेंट, सगळे एका माळेचे मणी. उन्हाळ्यात आणखी एक नवं खूळ: कूलरच्या टाकीत टाकायचं परफ्यूम. टाकीचं पाणी आठ-आठ दिवस बदलायचं नाही, सडका वास मारायला अत्तर ओतायचं, अन् पंखा ते सगळं पिंजऱ्यावर फेकतो. नॉनस्टिक तवा तर फार जणांना माहीतच नाही. तो रिकामा गॅसवर राहून जास्त तापला की लेपातून जो वायू निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतो. तुम्हाला वासही येणार नाही.

"आम्ही केमिकल वापरत नाही, कापूर अन् लिंबाच्या पाल्याचा धूर करतो," असं सांगणारे मला रोज भेटतात. बाप्पा, धूर तो धूरच. गोवरीचा असो, लोबानचा असो, फुफ्फुसाला जात-पात कळत नाही. कोणी म्हणेल, अगरबत्तीवर आपल्या जिल्ह्यातल्या बायांचं पोट आहे, आगरझरीला प्रकल्प उभा राहिला, तू त्याच्यावर कसा उठला? मी कोणाच्या पोटावर उठलो नाही. अगरबत्ती लावा न. अंगणात तुळशीपाशी लावा, पिंजरा असलेल्या बंद खोलीत नको.

मुळात पक्ष्याला स्वतःचा वास फारसा नसतो. वास येतो तो ओल्या विष्ठेचा, पाण्यात पडून आंबलेल्या दाण्यांचा, परवाच्या काकडीचा. तो काढायचा असतो, झाकायचा नसतो. तळाला पेपर घाला अन् रोज बदला (आमच्या बातम्यांचा तेवढा तरी उपयोग होऊ द्या). दाणा-पाण्याच्या वाट्या रोज धुवा. आठवड्यातून एकदा पक्षी दुसऱ्या पिंजऱ्यात हलवून हा पिंजरा गरम पाणी अन् साध्या साबणाने घासा, खळखळून धुवा, उन्हात कडक वाळवा. डाग निघत नसेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर. पण ब्लिचिंग पावडर अन् टॉयलेटचं अॅसिड एकत्र करायचं धाडस करू नका, क्लोरीन वायू निघतो, तो तुम्हालाही आडवा करेल. वाळलेली विष्ठा झाडूने उडवू नका, तिची धूळ माणसाच्या छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात दाणे बुरसले तर फेकून द्या, बुरशीनेही पक्ष्याचं फुफ्फुस जातं.

अन् खिडकी उघडा. इथे खरी गोम आहे. "उघडली तर नालीचा वास येते, मच्छर येते," हे उत्तर खोटं नाही. गावोगावी घरामागची नाली तुंबलेली, म्हणून खिडकी बंद, म्हणून कॉइल, म्हणून फ्रेशनर. नाली वाहती ठेवणं हे नगर पंचायतीचं काम आहे, अन् तिने ते केलं नाही की त्याचा खर्च आपण किराणा दुकानात बाटलीमागे भरतो. पुढच्या वेळी मत मागायला कोणी आलं की त्याला घरामागे नेऊन उभं करा.

विकणाऱ्यांनाही सोडता येत नाही. एका दुकानदाराला मी विचारलं, गिऱ्हाईकाला काय सांगता? म्हणाला, "दाणा टाका, पाणी ठेवा." बस. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे अशा दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. नोंदणी बघायला मागा. अन् जोडीसोबत एक छापील कागद द्यायला काय जातं? धूर नको, फवारा नको, नॉनस्टिक नको. तीन ओळी.

हे सगळं परदेशी पक्ष्यांपुरतं. आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्याच्या घरात वास कसा येऊ द्यायचा नाही हे मी सांगणार नाही. तो घरी असेल तर पंख कापलेल्या अवस्थेत झाडावर सोडून मोकळे होऊ नका, मांजर खाईल. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा किंवा सरळ वनपरिक्षेत्र कार्यालयात जा.

लव्हबर्ड पिसं फुगवून बसला, चोच उघडी ठेवून श्वास घेतोय, श्वासागणिक शेपटी वर-खाली होतेय, असं दिसलं तर आधी पिंजरा उचलून मोकळ्या हवेत सावलीत न्या, मग पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. डॉक्टरला घरात काय पेटवलं, काय फवारलं ते खरं सांगा.