भोंगा त्यांचा, हाक आपली



१ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते फाईव्ह जी मोबाईल सेवेचे उद्घाटन झाले. त्याआधी दोनच महिने लहरींचा लिलाव झाला होता आणि सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या होत्या. तेव्हापासून एकच पालुपद ऐकतो आहोत : आता शेतीचा कायापालट होणार.

ही सेवा आमच्या तालुक्याच्या गावी पोचली, तेव्हा मी ठरवले की ऐकीव गोष्टीवर बोलायचे नाही. नवे वाण आले तर आपण आधी दोन तासे पेरून पाहतो. तेच याचे करावे. भाच्याचा नवा फोन मागून घेतला आणि निघालो.

पहिली मोजणी बसस्टँडवर. खाली येणारा वेग सेकंदाला ४१२ मेगाबिट, वर जाणारा ३८. अख्खा सिनेमा चहा संपायच्या आत फोनात उतरला. खोटे कशाला बोलू, मन हरखले.

दुसरी मोजणी चौदा किलोमीटरवर, पऱ्हाटीच्या वावरात. फाईव्ह जीचे चिन्ह रस्त्यातच गेले होते, फोर जीची एक दांडी उरली होती. खाली येणारा वेग ६, वर जाणारा पाव मेगाबिटसुद्धा नाही. डोमकळीचा एक फोटो काढला, कीटकशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला पाठवायला घेतला. दोन मिनिटे चक्र फिरले आणि उत्तर आले : पाठवता आला नाही. त्याच दोन मिनिटांत फोनवर तणनाशकाची एक आणि कर्जाची एक, अशा दोन जाहिराती मात्र विनासायास येऊन पडल्या.

असे का होते, ते समजून घ्या. यात जादू नाही, हिशेब आहे. लहरी दोन जातीच्या. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतूनही शिरते, पण ओझे कमी वाहते. ३३०० मेगाहर्ट्झची लहर ओझे भरपूर वाहते, पण तिचा पल्ला आखूड. जाहिरातीतला वेग या दुसरीचा. ती चालवायची तर मनोरे जवळजवळ लागतात, आणि मनोरे गिऱ्हाईक दाट तिथे उभे राहतात. कोरडवाहू वावर या हिशेबात शेवटच्या टोकाला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मनोरा म्हणजे सभेतला भोंगा. मोबाईल म्हणजे धुऱ्यावरून मारलेली हाक. भोंगा दूरवर ऐकू येतो, पण धुऱ्यावरच्या माणसाची हाक भोंग्यापर्यंत पोचत नाही. शिवाय त्या वेगवान लहरीवर खाली येणारे आणि वर जाणारे यांच्या पाळ्या लावलेल्या असतात, कालव्याच्या पाण्यासारख्या. जास्त पाळ्या खाली येणाऱ्याला. कारण शहरातले गिऱ्हाईक पाहते जास्त, पाठवते कमी.

आणि आपण? आपल्याकडून तर सारे मागतात ते वर पाठवायचेच! राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. पिकाचा फोटो वावरात उभे राहून आपणच काढायचा. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालण्यासाठी ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी सक्तीची झाली. कागद चढवायचे, फोटो चढवायचे, ओटीपीची वाट पाहायची. सातबाऱ्यावर पीक चढले नाही तर मदत अडते, खरेदी अडते. जो वेग आपल्याला लागतो तो जाहिरातीत नाही, आणि जो जाहिरातीत आहे तो वावरात नाही.

कोणी म्हणेल, त्यात काय, फोटो काढून ठेवा, रेंज मिळेल तिथून पाठवा. ठेवतोच की! बाया-माणसे मोबाईल उंच धरून टेकडीवर चढतात, ते काय हवा खायला? पण मग तो वेग शेतकऱ्यासाठी आणला असे तरी म्हणू नका. आणि मुदत चुकली तर दोष शेतकऱ्याच्या माथी मारू नका.

कोणी म्हणेल, हे तर नव्या तंत्रज्ञानाला विरोध करतात. मुळीच नाही. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे. गुलाबी बोंडअळीचे पतंग कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ सापडले, ही खबर गावागावांतून त्याच दिवशी वर गेली आणि सल्ला त्याच दिवशी खाली आला, तर किती फवारण्या वाचतील! हे यंत्र आपल्याला हवेच आहे. पण दोन्ही बाजूंनी बोलणारे हवे.

१९ ऑगस्ट २०२५ आठवा. कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. ती बातमी आपल्या फोनवर पोचायला किती वेळ लागला? क्षणभर. आणि त्याआधी आपल्याला कोणी विचारले होते? भाव पडल्याचे लवकर कळले म्हणून भाव चढत नाही. बातमी म्हणजे दाम नव्हे.

हे दान मागणे नाही. खेड्यापाड्यात सेवा पोचावी म्हणून मोबाईल कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के आकार २००२ पासून घेतला जातो. त्या निधीला आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणतात. तो पैसा अखेर गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो, आपल्याही.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. तीन वावरे निवडा : एक गावालगत, एक शिवाराच्या मध्ये, एक शेवटच्या धुऱ्यावर. सकाळ, दुपार, संध्याकाळ वेग मोजा. खाली येणारा आणि वर जाणारा, दोन्ही लिहा. त्या कागदांवर आपल्या दोन मागण्या उभ्या राहतील. वेग जाहीर करायचा तर वावरातला आणि वर जाणारा जाहीर करा. आणि जिथे रेंज नाही, तिथे तलाठ्याच्या हातची कागदी नोंद मुदतीत धरा.

आणि एक आपल्यासाठी. आपल्या बैठकांतही भोंगा व्यासपीठावरच असतो. यावेळी आधी गावांचे कागद वाचले जातील, भाषणे नंतर. माझेही नंतर.