मानधन नव्हे, येणे!

पैशासाठी मराठीत जितके शब्द आहेत, त्यांत ‘मानधन’ हा सर्वांत फसवा. पगार हक्काचा असतो, मजुरी संध्याकाळी हातावर पडते. मानधन मात्र देणाऱ्याच्या सवडीने येते आणि त्याची आठवण करून देणे असभ्य समजले जाते. दिवाळी अंकांत लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना ही रीत जुनी आहे. पण माझे घर बँकेच्या पगारावर चालत होते. आज अनुवाद, मुद्रितशोधन, चित्रे, संगणकाची कामे घरी बसून करणाऱ्या तरुणांचे घरच त्यावर चालते. रीत मात्र तीच आहे.

हिशेब मांडून पाहू. समजा, साठ हजार शब्दांचे पुस्तक, शब्दाला एक रुपया. रोज दोन हजार शब्द केले तरी तीस दिवस गेले. मग दुरुस्त्या, पुन्हा वाचन. त्याचे वेगळे पैसे नाहीत. साठ हजारांतून दहा टक्के कर आधीच कापला गेला, तर हाती चौपन्न हजार. वीज, संगणक, आजारपण, रजा सारे स्वतःचे. आणि ही रक्कम येणार तीन महिन्यांनी!

बँकेच्या भाषेत याला काय म्हणतात? कर्ज. काम पूर्ण करून देणारा अनुवादक कंपनीला तीन महिने बिनव्याजी, विनातारण कर्ज देत असतो. आमच्याकडे कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक थकला की ते खाते अनुत्पादक ठरते, वरिष्ठांपर्यंत धावपळ होते. इथे थकबाकीदार मोठा आणि सावकार दुबळा. वर हाच सावकार घरकर्ज मागायला आला की बँक विचारते, पगारपत्रक कुठे आहे?

कायदा अगदीच नाही असे नव्हे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे आणि घरून सेवा देणारी एकटी व्यक्तीही ती करू शकते. हे किती घरांत ठाऊक आहे? आणि ठाऊक असले तरी तक्रार कोण करणार? तक्रार म्हणजे पुढचे काम बंद.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग’ कामगाराला कायद्यात नाव दिले. घरपोच सेवा, टॅक्सी यांसारखे मंच चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के हिस्सा त्यांच्यासाठीच्या निधीत भरावा, अशी तरतूद केली. स्वागतार्हच आहे. पण निधी हा उद्याचा प्रश्न. केलेल्या कामाचे दाम वेळेवर मिळणे हा आजचा. न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून ८०० डॉलर व त्यावरील मुक्त कामाला लेखी करार सक्तीचा केला. तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. आपल्या राज्याला हे अवघड का वाटावे?

तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढे करावे. मुलगी वा मुलगा असे काम घेत असेल तर ‘नोकरी कधी लागणार’ हे विचारण्याआधी करार वाचायला मागावा. दर, दुरुस्त्यांची मर्यादा, पैसे देण्याची तारीख आणि आगाऊ रक्कम या चार गोष्टी त्यात आहेत का ते पाहावे. उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवावी. आणि आपल्यापैकी जे काम करून घेतात, त्यांनी ‘मानधन पाठवतो’ हे शब्द उच्चारताना लक्षात ठेवावे, की मान द्यायचा की नाही हा आपल्या मर्जीचा प्रश्न असेल. धन मात्र दुसऱ्याचे आहे आणि ते आपल्याकडे अडकून पडले आहे.