हौद्यातला गालिचा

जाहिरातीत एक वाक्य होतं, त्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो. गाडी 1970ची शेव्हरोले एल कमिनो, काळ्या पट्ट्यांची, लालभडक. खाली नेहमीची यादी: चेसिस सुटी करून केलेलं संपूर्ण रिस्टोरेशन, नवीन अपहोल्स्ट्री, हौद्यात काळा गालिचा. आणि मग, एखाद्या स्थळाच्या पत्रिकेत लिहावं तसं: या गाडीतून कधीही माल वाहिलेला नाही.

म्हणजे पिकअप आहे, पण सोवळ्यातली.

ज्यांना या गाड्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढून बघितली तर ही सरळसरळ अमेरिकन मोटार: लांब बॉनेट, दोन दारं, ऐसपैस सीट. ड्रायव्हरच्या पाठीमागे मात्र छप्पर संपतं आणि हौदा सुरू होतो. कल्पना मुळात ऑस्ट्रेलियाची. तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहून, रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरं बाजारात न्यायला चालेल अशी एकच गाडी मागितली, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा. 1934 साली जिलाँगच्या कारखान्यात लुईस बँट या तरुण डिझायनरने तशी गाडी केली, हे खरं. अमेरिकेत फोर्डने 1957 साली रँचेरो आणली, 1959मध्ये शेव्हरोलेने मागे पंख फुटलेली एल कमिनो. ती दोन वर्षांत थांबली, 1964 साली शेव्हेलच्या अंगावर परत आली आणि 1987पर्यंत टिकली. रँचेरो त्याआधीच, 1979 साली, संपली होती.

या गाड्या घेत कोण? प्लंबर, रंगारी, माळी, टीव्ही दुरुस्त करणारे, छोटे दुकानदार. ज्यांना दिवसा माल न्यायचा होता आणि संध्याकाळी त्याच गाडीतून बायकोला सिनेमाला न्यायचं होतं, आणि ज्यांच्या ऐपतीत दोन गाड्या बसत नव्हत्या, अशी माणसं. पुढे लॉस एंजेलिसच्या चिकानो पोरांनी त्यांना लो-रायडर केलं, जमिनीला टेकवून, रंगांची उधळण करून. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती पोरं गाडीला स्वतःचं काहीतरी देत होती. तिची जन्मकहाणी पुसत नव्हती.

माझं भांडण आहे ते आजच्या शोरूमशी. तिथे ‘रिस्टोर’ या शब्दाचा अर्थ पूर्ववत करणं असा राहिलेला नाही. जे कधीच नव्हतं ते आणून बसवणं असा झाला आहे. 1970 सालच्या बहुतेक एल कमिनो साध्या इंजिनांच्या होत्या. सहा सिलिंडरची किंवा 307 घनइंचांची व्ही-8. आज विक्रीची पानं चाळा. तुम्हाला वाटेल की त्या वर्षी अमेरिकेतल्या प्रत्येक प्लंबरने सुपर स्पोर्टच घेतली होती! साध्या गाडीवर एसएसची अक्षरं, फुगीर बॉनेट, पट्टे, मोठं इंजिन, आणि किंमत दुप्पट. त्याला प्रेमाने ‘ट्रिब्यूट’ म्हणतात. आदरांजली. कोणाला, ते लिहिलेलं नसतं.

हे इतकं सोपं का जातं, त्यालाही कारण आहे. 1969 ते 1971 या वर्षांत एसएस हे पॅकेज होतं, वेगळं मॉडेल नव्हतं, आणि चेसिस नंबरवरून ते कळत नाही. 1972पासून नंबरात इंजिनाचा संकेत आला. त्याआधीच्या गाडीसाठी कारखान्याची बिल्डशीट सापडली तर पुरावा, नाहीतर विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास. बिल्डशीट पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटखाली चिकटलेली सापडते. बऱ्याचदा उंदरांनी आधी वाचलेली असते. (कारखानासुद्धा काही हरिश्चंद्र नव्हता. 1970पासून ज्या इंजिनावर 396चा बिल्ला असायचा ते प्रत्यक्षात 402 घनइंचांचं होतं. जुना आकडा लोकप्रिय होता म्हणून तसाच ठेवला.)

प्रतिवाद मला ठाऊक आहेत, आणि त्यातला एक मला खरंच अडवतो. वेगाचा सोस काही आजच्या दुकानदाराने आणलेला नाही. 1970 साली शेव्हरोलेने स्वतः याच हौदेवाल्या गाडीत 454 घनइंचांचं एलएस-6 इंजिन दिलं, 450 अश्वशक्तीचं. (त्या काळच्या मापनपद्धतीने, 1972पासून पद्धत बदलली आणि सगळ्यांचेच आकडे घसरले.) इतक्या ताकदीने पाण्याचे पाइप पोचवायची घाई कुठल्याच प्लंबरला नसते. म्हणजे मिरवणं हे या गाडीच्या रक्तातच होतं. मान्य. रविवार तिचाच होता. पण सोमवारही तिचा होता, आणि मला तो सोमवार गायब केलेला दिसतो आहे.

दुसरा प्रतिवाद: हौशी लोकांनी पैसे ओतले नसते तर या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या. अर्धं खरं. पोमोनाच्या स्वॅप मीटला जाऊन बघा. तिथे अजूनही चालत्या, उन्हाने रंग उडालेल्या, पोचे आलेल्या एल कमिनो उभ्या असतात, आणि त्यांच्या हौद्यात खरोखर सामान असतं. त्यांना वाचवलं ते सुट्या भागांच्या दुकानांनी आणि चिवट मालकांनी. शोरूमवाला त्यांच्यापैकी एक उचलतो, लांबी भरतो, रंगवतो आणि वर वाचवल्याचं पुण्यही पदरात पाडून घेतो.

आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा फार चांगला शब्द आहे. देवळाचा जीर्णोद्धार करतात तो आत पूजा चालू राहावी म्हणून. (नंतर दगडी खांबांना ऑइलपेंट फासतात हा भाग वेगळा.) हौद्यात गालिचा अंथरणं हा जीर्णोद्धार नव्हे.

आता त्या लाल गाडीकडे येतो. ती घ्यायची होती माझ्या एका मित्राला. तो कोथरूडचा, वीस वर्षं इथे कॉम्प्युटरच्या नोकरीत, मुलं कॉलेजला गेलेली, गराजमध्ये एक जागा रिकामी. मागणी 55 हजार डॉलरची. मी त्याला म्हटलं, घे बापडा, पण आधी ओळखीच्या मेकॅनिकला दाखव. विक्रेत्याने खळखळ न करता परवानगी दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

मेकॅनिक साठीचा, हात तेलाने कायमचे काळे झालेला. त्याने फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून फिरवलं. दोन ठिकाणी ते चिकटेना. म्हणजे पत्र्याऐवजी लांबी. मग तो हौद्यात चढला आणि गालिचाचा पुढचा कोपरा उचलला.

इथे या गाडीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगायला हवी. एल कमिनोचा सांगाडा स्टेशन वॅगनचा. वॅगनमध्ये मागच्या प्रवाशांनी पाय ठेवायची जी खोलगट जागा, ती इथे हौद्याच्या पत्र्याखाली तशीच राहिली. वर बोल्टने आवळलेलं झाकण. लोक तिला ‘स्मगलर्स बॉक्स’ म्हणतात. मी तिला कोनाडा म्हणतो, कारण त्यात सापडणाऱ्या वस्तू कोनाड्यातल्यासारख्याच असतात.

बोल्ट गंजलेले होते. चेसिस सुटी करून केलेल्या संपूर्ण रिस्टोरेशनमध्ये गंजलेले बोल्ट! झाकण निघालं तेव्हा आत मूळचा फिकट हिरवा रंग होता, मूठभर वाळलेली माती, तांब्याचे तीन एल्बो, सोल्डरच्या तारेचं भेंडोळं आणि सुताराची वापरतात तसली चपटी पेन्सिल, चाकूने टोक केलेली.

कधीही माल न वाहिलेली गाडी.

विक्रेता गोरामोरा वगैरे झाला नाही. तो म्हणाला, आम्ही घेतली तेव्हापासून वाहिलेला नाही, असा त्याचा अर्थ. आणि मग, अगदी मनापासून, तो म्हणाला, की ‘कामाची गाडी’ असं लिहिलं तर किंमत पडते. मला त्याचा राग त्या क्षणी आला, खोटेपणाचा इतका नाही. तो बाजाराचं खरं बोलत होता. कुणीतरी या गाडीने घर चालवलं, शेजाऱ्यांचे नळ जोडले, त्याच पैशांतून हप्ते फेडले. आणि आज त्या सगळ्या वर्षांची नोंद किमतीतून वजा होते. त्याच्या जागी ज्या शर्यती ती कधी धावलीच नाही त्यांचे पट्टे चढतात, आणि ते किमतीत अधिक होतात.

लोकांना आता असल्या गाड्या कामासाठी नकोच आहेत, मग सजवण्याशिवाय करणार काय, असंही कोणी म्हणेल. हे तपासून बघू. या गाड्या लोकांचं मन उडालं म्हणून आपोआप मेल्या नाहीत. 1982च्या सुमारास शेव्हरोलेचा एस-10 आणि पाठोपाठ फोर्डची रेंजर असे छोटे, स्वस्त, खरे ट्रक आले आणि गिऱ्हाईक तिकडे गेलं. मग तेही हळूहळू फुगत गेले. बाहेरून छोटी गाडी येऊ नये याची सोय आधीच होती: युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली म्हणून अमेरिकेने 1964पासून बाहेरच्या छोट्या ट्रकांवर 25 टक्के जकात लावली. कोंबड्यांचं भांडण मिटलं, ट्रकांवरची जकात राहिली. ती चुकवायला सुबारूने आपल्या ब्रॅट नावाच्या हौदेवाल्या गाडीत चक्क हौद्यातच मागे तोंड केलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या. ट्रक कुठे, ही तर प्रवासी गाडी! (तसली एक रोनाल्ड रेगन यांच्या रँचवरही होती.)

आणि 2022च्या मॉडेलवर्षी फोर्डने मॅव्हरिक आणली तेव्हा काय झालं? मोटारीच्या सांगाड्यावरचा छोटा पिकअप, सुरुवातीची किंमत 20 हजार डॉलरच्या जरा आत. त्या वर्षाच्या जानेवारीतच कंपनीला नव्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या. लोकांना सोमवार हवा होता. तो मिळत नव्हता.

म्हणून शोरूमवाल्यांकडे माझी मागणी साधी आहे. जाहिरातीत लिहा: गाडी कोणत्या इंजिनाने जन्मली, आज कोणतं आहे. कुठे पत्रा आहे, कुठे लांबी. मूळ रंग कोणता. आधीच्या मालकाचा धंदा माहीत असेल तर तो लिहा, पहिल्या ओळीत. मागचा भाग तीन इंच खाली बसवला असेल तर आता ती किती वजन उचलू शकते तेही लिहा. कारण कारखान्याने हौद्यात वजन पडल्यावरही गाडी सपाट राहावी म्हणून मागे हवा भरायचे शॉक ॲब्सॉर्बर दिले होते, आणि ते काढून तुम्ही काय फेकलंत हे गिऱ्हाइकाला कळायला हवं. आणि हौद्यातले पोचे राहू द्या. बाहेरून हवी तेवढी चकाकवा. आतला पत्रा तिचा आहे.

मित्राने गाडी घेतली. हो, तीच. चार हजार डॉलर कमी करून. मला वाईट वाटलं, पण समजलंही. आयुष्यभर गादीवाफ्यासारखं जपून वागलेल्या माणसाला एकदा तरी लाल रंग हवासा वाटतो. कलेक्टर विमा घेतला आहे, त्यात रोज वापरायची आणि कामाला लावायची परवानगी नाही. तांब्याचे एल्बो त्याला नको होते, ते मेकॅनिकने मला दिले.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं नर्सरीत गेलो होतो. मी कढीपत्त्याचं रोप घेतलं, कुंडीसकट फार तर दहा किलो. एल कमिनोचा फाळका उघडायला मी हात घातला तर तो म्हणाला, ‘अरे थांब, गालिचा आहे.’ मग मी रोप मांडीवर घेऊन बसलो आणि घरी येईपर्यंत माती सीटवर सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी कुंडी धरून ठेवली.