शस्त्रक्रियेनंतरची साठी

जन्मजात हृदयविकार म्हणजे बालरोगतज्ज्ञांचे काम, हा समज आता सोडायला हवा. वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ची पहिली संपूर्ण दुरुस्ती केली. त्यापुढच्या दोन-तीन दशकांत बालपणी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आज पन्नाशी-साठी ओलांडून गेले आहेत. विकसित देशांत तर या विकारासह जगणाऱ्यांत मुलांपेक्षा प्रौढच अधिक आहेत.

हे रुग्ण आपल्याकडे येतात ते रक्तदाबासाठी, मधुमेहासाठी किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ‘फिटनेस’ घ्यायला. ‘लहानपणी हार्टचे ऑपरेशन झाले होते, आता काही त्रास नाही,’ एवढेच ते सांगतात. त्यावर विसंबून चालणार नाही. जो कधी धावत जिना चढलाच नाही, त्याला आपल्याला दम लागतो हे कळणार कसे? बेताने चालणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. व्यायाम-चाचणी केली की तक्रार नसलेल्यांचीही क्षमता अनेकदा समवयस्कांपेक्षा कमी भरते. फॅलोच्या दुरुस्तीनंतर पल्मनरी झडप गळत राहू शकते, उजवी जवनिका ताणली जाते आणि ठोक्यांची अनियमितता कित्येक वर्षांनी डोके वर काढते.

मात्र जीवनमान केवळ इकोच्या अहवालावर ठरत नाही. भारतासह १५ देशांतल्या सुमारे चार हजार प्रौढ रुग्णांच्या ‘अप्रोच-आयएस’ अभ्यासात एकूण जीवनमान चांगले आढळले. ते खालावलेले दिसले वाढत्या वयात, काम नसलेल्यांत, अविवाहितांत आणि हालचालींवर मर्यादा आलेल्यांत. यातल्या काम आणि लग्न या गोष्टी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाहीत. ‘हार्ट पेशंट’ हा शिक्का आपल्याकडे स्थळ बघताना आडवा येतो आणि नोकरीच्या वैद्यकीय तपासणीतही. तो अनाठायी असेल तिथे तसे स्पष्ट लिहून देणे मात्र आपल्या हाती आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यापुढे रुग्ण कोणाच्या हाती सोपवायचा, ही शिस्त आपल्यालाच लावावी लागेल.

म्हणून वाचक-डॉक्टरांना विनंती: छातीवर जुना व्रण दिसला तर शस्त्रक्रियेचे कागद मागा. सहा मिनिटे चालायला लावून पाहा. काम, झोप आणि मनातली भीती यांबद्दल विचारा. आणि वर्षानुवर्षे तपासणी झालेली नसेल, तर या विकाराची जाण असलेल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवा. दुरुस्ती म्हणजे कायमची सुटका नव्हे.