तिकीट स्वस्त, पण पफिन कुठाय?

आमच्या विंगमधला एक सीनिअर सध्या एडिनबर्गला शिकतोय. पुढच्या वर्षी त्याच्याकडे पक्षी बघायला जायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलंय. दोघांचं म्हणणं, ऑगस्टअखेर जाऊ, तोवर पैसे जमतील. माझा साफ विरोध! तिथून जवळच्या आयल ऑफ मे बेटावर पफिन एप्रिलच्या सुमारास येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच समुद्रात निघून जातात. मग आपण काय रिकामी बिळं मोजायची? (हो, पफिन बिळात अंडं घालतो.)

गॅनेट मात्र बास रॉकवर ऑक्टोबरपर्यंत असतात, हे मान्य. २०१४ साली तिथे त्यांच्या ७५ हजारांवर जोड्या होत्या. २०२२ मध्ये बर्ड फ्लू आला आणि २०२३ च्या मोजणीत सुमारे ५२ हजारच घरटी भरली. म्हणून त्या खडकावर उतरायचा हट्टही मला पटत नाही. नॉर्थ बेरिकहून बोटीने फेरी मारावी. गॅनेट उंचावरून पाण्यात सूर मारतो, ते बोटीतून झकास दिसतं.

राहिला पैशांचा प्रश्न. एक वर्ष थांबू, पण जाऊ जूनमध्येच. सबमिशन संपलं की दोघांना पुन्हा गाठतो.