‘करण्यात येईल’, पण कोणाकडून?

हवामानबदलाचे आराखडे हा साहित्याच्या अभ्यासकांचा प्रांत नव्हे, असा समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात आहे. आम्हांला तो मान्य नाही. आराखडा ही एक संहिता असते. तिला निवेदक असतो, गृहीत वाचक असतो आणि तिचे स्वतःचे व्याकरणही असते. बंधाऱ्यांचे बळकटीकरण करण्यात येईल, स्थानिकांची क्षमतावृद्धी करण्यात येईल, लोकसहभाग घेण्यात येईल: या जातीच्या गद्यात क्रियापदांची रेलचेल असते, कर्ता मात्र सापडत नाही. कादंबरीतल्या निवेदकाची विश्वासार्हता तपासण्यात आपण सत्रेच्या सत्रे घालवतो. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यातील शेते राहणार की बुडणार हे ज्या गद्यावर अवलंबून आहे, ते आपण वाचतही नाही.

टेरी या दिल्लीच्या संस्थेने ब्रिटनच्या हवामान खात्याच्या सहकार्याने महाराष्ट्राचा अनुकूलन आराखडा २०१४ मध्ये सिद्ध केला. त्याचे शास्त्रीय मोल आम्ही नाकारत नाही. आमचा आक्षेप गृहीत वाचकाविषयी आहे. आराखडा इंग्रजीत लिहिला गेला. ज्याच्या शेतात पाणी शिरायचे आहे तो त्या संहितेचा विषय आहे, वाचक नाही. त्याच्यापर्यंत पोचते ती ‘जनजागृती’. जणू तो निजलेलाच होता! खारपट्ट्यातला शेतकरी उधाणाच्या रात्री बांधावर जागाच असतो.

रायगडच्या खाड्यांकाठी भरतीच्या पातळीखालची भातजमीन मातीच्या बांधांनी राखलेली आहे. पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडते आणि भरतीला मिटते ती उघाडी. बांध फुटून पडते ती खांड. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये इथल्या शिळोत्री पद्धतीची नोंद आहे: बांध राखायचा शिळोत्रीदाराने, आणि त्यापोटी कुळांनी धान्याचा वाटा द्यायचा. पुढे १९४८ आणि १९७९ च्या खारजमीन कायद्यांनी ही व्यवस्था सरकारी यंत्रणेच्या हाती गेली. ‘कोणाकडून’ या प्रश्नाचे उत्तर पूर्वी एक माणूस होता. आता ते एक टेबल आहे, आणि त्यावरचा माणूस बदलत असतो.

खांड वेळीच बुजली नाही की खारे पाणी शेतात ठाण मांडते आणि काही वर्षांत तिथे तिवरे उगवतात. कांदळवन तोडण्यास उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. लाटांचा जोर ही झाडेच मोडतात, माशांची पिल्लेही त्यांच्याच मुळांत वाढतात. पण उपग्रहाच्या छायाचित्रात दिसणारा तो हिरवा डाग तज्ज्ञाला किनाऱ्याची ढाल वाटतो आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला आपले बुडालेले भात. दोन्ही वाचने खरी आहेत. आराखड्यात एकच उतरते.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा केला. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या आडव्या झाल्या. नुकसानभरपाई आली ती हेक्टरी. काही गुंठ्यांच्या वाडीत नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरवेल, मध्येच जायफळ. या मिश्रणाला हेक्टरात मोजणे म्हणजे ओवी ग्रॅममध्ये मोजण्यासारखे आहे. बागायतदारांनी झाडागणिक हिशेबाची मागणी लावून धरली, तेव्हा नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये असा दर आला. फळाला यायला सहा-सात वर्षे घेणाऱ्या सुपारीचे मोल पन्नास रुपये! एकक बदलले, पण एककामागचे वर्ष कोणी मोजले नाही.

आता आमच्याच बाजूच्या भाबडेपणाविषयी. ‘पारंपरिक ज्ञान पुरेसे आहे’ हे वाक्य परिसंवादात टाळ्या घेते. ज्या परंपरेत बांध टिकले, त्याच परंपरेत खोतही होते; चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ जमिनी न कसता संप केला तो याच मुलखात. शिवाय समुद्राची पातळी वाढत असताना आजोबांनी ठरवलेली बांधाची उंची प्रमाण मानता येत नाही. ती किती वाढवावी हे सांगायला अभियंता हवा, समुद्रशास्त्रज्ञ हवा. तज्ज्ञ नकोत असे आम्ही म्हणत नाही. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे उदाहरण पाहा: खारे पाणी सोसणारा ‘राता’ भात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला होता. त्यातून निवड करून ‘काळा राता’, ‘भुरा राता’ हे वाण पुढे आले. तिथे विज्ञानाने सुरुवात शेतकऱ्याच्या बियाण्यापासून केली आणि नावही त्याचेच ठेवले.

आराखड्याच्या भाषेबाबत एवढेच का होऊ नये? मसुदा मराठीत असावा आणि मंजुरीआधी ग्रामसभेत वाचला जावा. कोणत्या गावची कोणती खांड, कोणत्या उघाडीची झडप, कोणाच्या पैशाने, कोणत्या पावसाळ्याआधी, हे त्यात कर्त्यासकट लिहिलेले असावे. हे काम केवळ अभियंत्यांचे नाही. रायगडमधल्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी खारपट्ट्याचा शब्दसंग्रह करावा, इंग्रजी आराखड्यांचे भाषांतर करावे, आणि विद्यार्थ्यांना निदान एका सत्रात कर्मणी प्रयोग असा वाचायला लावावा, की ‘येईल’च्या मागे दडलेले खाते त्यांना नावानिशी सांगता आले पाहिजे.