दिवा घालवला म्हणजे दुरुस्ती झाली नाही

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. विषय तसा किरकोळ वाटेल: गाडीच्या डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा. पट्टा लावून बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात मोठा गोल फुगा, असं ते चित्र असतं. दहा-बारा वर्षं झालेल्या गाडीत हा दिवा एकदा पेटला की विझायचं नाव घेत नाही. मग 'जुनी गाडी आहे, असं व्हायचंच' म्हणत लोक त्याच्याकडे बघायचं सोडून देतात, नाहीतर कोणाकडून तरी तो 'घालवून' घेतात. माझा राग आहे तो या घालवण्यावर. आणि साध्यासुध्या माणसाला हाच मार्ग बरा वाटावा अशी परिस्थिती ज्यांनी करून ठेवली आहे, त्यांच्यावर जास्त.

आधी हा दिवा करतो काय ते बघू. किल्ली ऑनला फिरवली की तो लागतो, बहुतेक गाड्यांत पाच-सहा सेकंद राहतो आणि आपोआप विझतो. तेवढ्या वेळात एअरबॅगचं कंट्रोल युनिट (म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच) स्वतःची आणि जोडलेल्या सगळ्या सर्किटांची तपासणी करतं. प्रत्येक एअरबॅगच्या पोटात एक इग्नायटर असतो, त्याचा रेझिस्टन्स जेमतेम दोन-तीन ओहम. युनिट त्यातून अगदी बारीक करंट सोडून बघतं, की वायर जोडलेली आहे ना, कुठे तुटली किंवा शॉर्ट झाली नाही ना. गाडी चालू असतानाही हे चालूच असतं. गडबड दिसली की युनिट एक कोड नोंदवतं आणि दिवा लावून ठेवतं. अशा वेळी धडक झाली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. पुष्कळ गाड्यांत युनिट ते सर्किट, नाहीतर सगळी यंत्रणाच बंद ठेवतं.

जुन्या गाडीत याची कारणं बहुतेक ठराविक असतात. स्टिअरिंग फिरतं, पण त्यातल्या एअरबॅगची वायर तुटता कामा नये, म्हणून तिथे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक चपटी केबल असते. वर्षानुवर्षं पीळ पडून ती तुटते. बहुतेक गाड्यांत हॉर्नचा करंटही तिच्यातूनच जातो, त्यामुळे हॉर्न मधूनच मुका झाला तर संशय तिथेच घ्यायचा. दुसरं कारण म्हणजे सीटखालचे पिवळे कनेक्टर. सीट मागेपुढे करून, पावसाळ्यात गालिचा भिजून ते सैल होतात, गंजतात. तिसरं म्हणजे सीटबेल्टचं बकल किंवा प्रीटेन्शनर. आणि कधीकधी नुसती अशक्त बॅटरी. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ अख्खी यंत्रणा बदला असा नसतो. नक्की काय बिघडलंय ते त्या कोडमध्ये लिहिलेलं असतं. तो वाचायला मिळाला तर!

माझ्या २०११ च्या हॅचबॅकचा दिवा पेटला तेव्हा हॉर्नही रुसायला लागला होता. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो (नाव मुद्दाम देत नाही). एस्टिमेट आलं ४२ हजारांचं: स्टिअरिंगची एअरबॅग, केबल आणि कंट्रोल युनिट, तिन्ही नवीन. मी विचारलं, कोड कोणता आला? उत्तर: "सर, कोड कस्टमरला देत नाही आम्ही. पॉलिसी आहे." तिथून निघून एका गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, कशाला एवढे घालताय? पाचशे द्या, दिवा घालवून देतो. उद्या गाडी विकायची झाली तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागणार नाही."

आता बघा. एकानं कारण लपवलं आणि दुसरा परिणाम लपवायला निघाला. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियननं चांगला स्कॅनर लावून कोड वाचला: ड्रायव्हरच्या बाजूचं सर्किट ओपन. स्टिअरिंगखालची ती केबल बदलली, मजुरी धरून साडेपाच हजार झाले. दिवा गेला, हॉर्नही वाजायला लागला. ४२ हजार आणि पाचशे या दोन आकड्यांच्या मध्ये खरी दुरुस्ती होती. पण तिच्यापर्यंत पोचायला मला दोन शनिवार लागले. प्रत्येकानं असे शनिवार घालवावेत ही अपेक्षा चूक आहे.

'घालवणे' या कलेचे प्रकार तरी किती! कोड पुसून गाडी हातात द्यायची, म्हणजे दिवा पुन्हा लागेपर्यंत गिऱ्हाईक घरी पोचलेलं असतं. बल्बच काढायचा किंवा वर काळी पट्टी चिकटवायची. दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडायची, म्हणजे तो गाडी चालू करताना शहाण्यासारखा लागतो आणि विझतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगच्या जागी एक चिमूटभर रेझिस्टर लावायचा, की युनिटला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. अपघातात उघडून गेलेल्या एअरबॅगेचं झाकण शिवून-चिकटवून अशा गाड्या सर्रास विकल्या जातात.

आम्हा प्रोग्रामर लोकांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. एरर आली की ती पकडायची आणि काहीच करायचं नाही. कॅच ब्लॉक रिकामा. लॉग स्वच्छ, मॅनेजर खूश. पण आमचं पाप निदान कधीतरी उघडं पडतं. सर्व्हर बसतो, मध्यरात्री फोन येतो, दुरुस्ती होते. एअरबॅगेची परीक्षा गाडीच्या आयुष्यात एकदाच होते, तीही एका सेकंदाच्या विसाव्या भागात. तिथे पॅच टाकायला वेळ मिळत नाही.

यावर लोक जे बोलतात तेही ऐकून घेऊ.

"गाडी चालतेय ना?" चालतेच. एअरबॅगचा आणि गाडी चालण्याचा काहीच संबंध नाही. म्हणून तर हा दिवा वर्षानुवर्षं पेटलेला राहू शकतो.

"आमच्या वडलांनी बिनएअरबॅगची गाडी तीस वर्षं चालवली." चालवली असेल, पण त्यांना ठाऊक होतं की एअरबॅग नाही. तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर मात्र ठळक अक्षरांत एअरबॅग असं कोरलेलं आहे आणि शेजारी बसणारा त्यावर विश्वास ठेवतो. शिवाय या दोन गाड्या सारख्या नसतात. एअरबॅगवाल्या कित्येक गाड्यांत सीटबेल्ट एका मर्यादेनंतर थोडा सैल सोडतो, म्हणजे छातीवर फार भार येत नाही. पुढे माणसाला झेलायला एअरबॅग आहे असं गृहीत धरून ती रचना केलेली असते. झेलणाराच नसेल तर?

फरक किती पडतो तेही माहीत आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांचे निकाल जाहीर केले. बिनएअरबॅगच्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यातल्याच एकीला, फोक्सवॅगनच्या पोलोला, पुढच्या दोन एअरबॅगा असताना प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. रेझिस्टर लावलेली गाडी या दोन्हींपैकी कुठल्या रांगेत बसते, ते तुम्हीच ठरवा.

"गाडीची किंमत दोन लाख, तिच्यात चाळीस हजार कोण घालणार?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. याला 'जिवापेक्षा पैसा मोठा का' असलं पुस्तकी उत्तर देणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. माणूस पाचशेचा मार्ग धरतो कारण त्याच्यापुढे दुसरा ४२ हजारांचाच ठेवलेला असतो. मधला मार्ग कोडच्या कुलपामागे आहे. आणि ते कुलूप मुद्दाम लावलेलं आहे.

पुरावा हवाय? आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्यामुळे इंजिनाचे धुराशी संबंधित कोड कुठलाही हजार-पंधराशेचा ब्लूटूथ डोंगल वाचून दाखवतो. तीच गाडी, तेच सॉकेट, पण एअरबॅगचा कोड विचारला तर तो डोंगल बहुतेक वेळा गप्प. ते कोड वाचायची भाषा कंपनीगणिक वेगळी, आणि तिचा स्कॅनर महाग. टोयोटाच्या जुन्या गाड्यांत सॉकेटमधल्या दोन पिना जोडल्या की हाच दिवा उघडमीट करून आपला कोड सांगायचा, आपण फक्त मोजायचं. म्हणजे तंत्र पुढे गेलं आणि मालक मागे आला.

सरकारचंही तसंच. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ च्या शेवटापर्यंत सगळ्या नव्या गाड्यांत आली. चांगलं झालं. मग २०२२-२३ मध्ये सहा एअरबॅगा सक्तीच्या कराव्यात का, यावर देशभर काथ्याकूट झाला. पण बसवलेल्या एअरबॅगा दहा वर्षांनी चालू आहेत का, हे कोणी विचारलं? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, तोवर फिटनेसची तपासणी नाही. पीयूसी मात्र ठरावीक मुदतीनं करावीच लागते, आणि तिथे बघतात फक्त धूर. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना आरटीओत कागदांचा गठ्ठा लागतो, त्यात एअरबॅगेबद्दल एक ओळ नाही. ब्रिटनमध्ये एमओटीच्या वार्षिक तपासणीत हा दिवा बिघाड दाखवत असेल तर गाडी नापास होते. आज आपल्याकडे हा प्रश्न काही गाड्यांचा आहे. २०२२ नंतरच्या गाड्या दहा वर्षांच्या होतील तेव्हा तो सगळ्यांचा असेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: दिवा विझलेला असणं म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. तो वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स बघतो, आतला गॅस तयार करणारा मसाला बघत नाही. टकाटाच्या एअरबॅगांमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडत गेलं आणि इन्फ्लेटरच फुटून धातूचे तुकडे माणसांना लागले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, आणि जून २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. त्या बिघाडाचा कोड येत नव्हता, दिवा लागत नव्हता. भारतातही होंडासकट काही कंपन्यांनी यासाठी गाड्या परत बोलावल्या. तेव्हा मुंबई, कोकण, गोव्यातल्या जुन्या गाडीवाल्यांनी चॅसी नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल जरूर तपासावा. बदली फुकट असते.

तर माझ्या मागण्या तीन. धुराच्या कोडसारखेच एअरबॅगचे कोडही कुठल्याही साध्या स्कॅनरला वाचता यावेत, अशी सक्ती करा. सर्व्हिस सेंटरनं एस्टिमेटवर कोड लिहून दिलाच पाहिजे. डॉक्टर रिपोर्ट दाखवल्याशिवाय ऑपरेशनचा खर्च सांगत नाही. आणि पीयूसीच्या वेळी, तसंच मालकी बदलताना, हा दिवा बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

असो. सरकार करेल तेव्हा करेल. तुम्ही या रविवारी एवढं करा, विशेषतः जुनी गाडी घ्यायला निघाला असाल तर. किल्ली ऑनला फिरवा, स्टार्टर मारू नका. दिवा लागलाच नाही, तर बल्ब काढलेला असू शकतो. इंजिन बंद असतानाच तो काही सेकंदांत एकटा विझायला हवा. ऑइल किंवा बॅटरीच्या दिव्याच्या जोडीनं, इंजिन सुरू झाल्यावरच विझत असेल, तर कोणीतरी हातचलाखी केली आहे. रेझिस्टर मात्र असा सापडत नाही, त्यासाठी जाणकाराकडून गाडी उघडून घ्यावी लागते. स्वतः पिवळ्या वायरींना हात लावू नका, मल्टिमीटर तर मुळीच लावू नका. त्याच्या करंटनंही एअरबॅग उडू शकते. आणि कोणी "पाचशेत घालवून देतो" म्हणाला, तर त्याला सांगा, दिवा राहू दे, कोड काय आहे ते सांग.